ट्रम्पेटचं बटण

भांगरवाडी, लोणावळा
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

झुबेर,

सलाम. तू, तुझी बायको, सुमय्या, सगळे खुशाल असाल. मी बरी आहे. साखर थोडी वाढलीय, डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, बाकी तक्रार नाही. माझा नवरा मोईन वारल्यावर त्याचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान भाड्यानं दिलं. तिथं आता मोबाइलची कव्हरं लटकतात. शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या गाड्यांची रांग पार वलवणच्या पुढं जाते, दूध आणायचं तरी हॉर्नच्या गोंगाटातून वाट काढावी लागते. थंडी चांगली पडलीय. एवढी खुशाली पुरे.

सुमय्याच्या फोनवरून तू पाठवलेला निरोप मिळाला. दोन मिनिटांचा. चार वेळा ऐकला. "आपा, मी झुबेर," इथंच तुझा आवाज फुटला. घर सोडून गेलास तेव्हा वीस वर्षांचा होतास, आता अगदी अब्बांसारखा खाकरून बोलायला लागतोस. अब्बांच्या मयतीलाही तू कबरस्तानातून परस्पर खोपोलीला निघून गेलास, माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. आणि आता म्हणतोस, "तुझा व्हिडिओ बघितला. माझं चुकलं, आपा. अब्बांनी स्वतः तुझ्या हातात दिलं, हे मला माहीतच नव्हतं. मी उगाच एवढी वर्षं राग धरला. एकोणतीस तारखेला सुमय्याचा निकाह आहे. तू ये, पुढं बस. आणि तो बाजा घेऊन ये."

फोन उचलून "येते रे" म्हणणं सोपं होतं. हात फोनपर्यंत गेलाही. पण फोनवर तू मायेनं बोलशील, आणि तू मायेनं बोललास की मी गप्प बसेन. गप्प बसण्यात मी फार तरबेज आहे. म्हणून पत्र लिहिते. सबंध वाच, मधे ठेवू नकोस.

आधी तो व्हिडिओ कसा झाला ते सांगते.

ऋचा आणि श्रीयश म्हणून पुण्याचं एक तरुण जोडपं आहे. जुनी वाद्यं शोधतात, त्यांचे व्हिडिओ काढतात. ऑक्टोबरमध्ये ते मोईनच्या दुकानाचा पत्ता काढत आले, मोबाइलवाल्यानं त्यांना माझ्याकडं पाठवलं. मी दिवाणाखालून सिंथेसायझर ओढून काढला. अब्बा आणि मी वाजवायचो ती म्युझिकल पार्टी बाजीरावभाऊंनी बंद केली तेव्हा तो मलाच देऊन टाकला होता, हे तुला ठाऊक नसेल. मोईन होता तोवर वर्षातून एकदा तो उघडायचा, फुंकर मारायचा, सुटलेल्या वायरीला डाग लावायचा. तीन वर्षं कुणी हात लावला नव्हता. झाकण काढलं तर आत पालीची अंडी, झुरळांचे पंख, आणि पट्ट्यांच्या कडेकडेनं काळा, मेणचट थर. कानकोरणीनं खरवडत बसले. मग लक्षात आलं, हा माझ्याच बोटांचा मळ आहे. बावीस वर्षांची होते तेव्हापासूनचा. नखात अडकलेला तो थर नाकाशी नेला आणि त्या दिवशी जेवले नाही.

शूटिंगला त्यांनी कुरवंड्याला एक बंगला घेतला होता, नागफणीच्या बाजूला. गाडी पाठवली. तिथं आदल्या दिवशी कुणाची तरी पार्टी झालेली. पोहण्याच्या टाकीत प्लास्टिकचा गुलाबी पक्षी उलटा पडलेला, ग्लासात सिगारेटची थोटकं फुगलेली, आंबलेल्या बिअरचा वास, आणि एक कुत्रं ताटातली कोंबडीची हाडं चघळत बसलेलं. त्या सगळ्याकडं पाठ करून त्यांनी संगमरवरी टेबलावर माझं मशीन मांडलं, भोवती बारक्या दिव्यांची माळ सोडली. पट्ट्या चमकाव्यात म्हणून ऋचानं वरून काहीतरी फवारलं. त्याला मोगऱ्याचा वास होता.

माणसं वाईट नव्हती, हे सांगायला हवं. चपला बाहेर काढून आली, मला "कौसरजी" म्हणाली, खुर्चीवर उशी ठेवली. त्यामुळं राग काढायलासुद्धा जागा राहिली नाही.

मशीन तापायला वीस मिनिटं लागतात, तोवर सूर सरकत राहतो. मी मागचा खुंटा फिरवून सूर लावत होते आणि श्रीयश डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "काय खरा आवाज आहे हो! आजच्या कॉम्प्युटरमध्ये असा जिवंतपणा नाही. केवढी ऊब आहे यात!"

खरा! ऐकलंस ना, झुबेर?

त्या मशीनला आम्ही काय म्हणायचो ते मला आठवतं. नकली. अ‍ॅकॉर्डियनवाला तर त्याला "डब्यातला बँड" म्हणायचा. तीन सप्तकं जेमतेम, वर रंगीत बटणांची ओळ: ट्रम्पेट, क्लॅरिनेट, फ्लूट, व्हायोलिन, बास. कंपनीनं जे आवाज आत बांधून दिले तेच. आपण त्यात नवीन काही करू शकत नाही, फार तर एक दांडी सरकवून आवाज उजळ किंवा मंद करता येतो. आणि एका वेळी एकच सूर. दोन पट्ट्या दाबल्या तरी एकच वाजणार. म्हणजे साथीला कुचकामी. व्हायोलिनचं बटण दाबलं की डास गुणगुणायचा. लोणावळ्याच्या ओल्या हवेत तर तास-दोन तासांत पाव सूर उतरायचा, मग गाणं चालू असताना मी एका हातानं वाजवायची आणि दुसऱ्या हातानं मागं खुंटा चाचपायची.

पण खोटं कशाला बोलू, कामाचं होतं ते. बटण दाबलं की झालं, तयारी नाही की शोधाशोध नाही. दोन ओळींच्या मधल्या संगीतात, जिथं एकच वाद्य पुढं येतं, तिथं ते साऱ्या पार्टीला भारी पडायचं. फ्लूट गोल यायची. बासनं हॉलच्या खुर्च्या थरथरायच्या. आणि ट्रम्पेटमध्ये एक खुबी होती. पट्टी दाबून धरून बोटाचा आणखी जोर दिला की सूर आतून गुरगुरायचा, उघडायचा, जशी वाजवणाऱ्याची छाती भरते तसा. एकच सूर मिळतो म्हणून तो कुठं धरायचा, कुठं सोडायचा, कुठं दम घ्यायचा, हे वाजवणाऱ्यालाच ठरवावं लागतं. मला ते आयतं येत होतं. अम्मी गेल्यापासून रोज सकाळी चुलीपुढं बसून अब्बांचा ट्रम्पेटचा रियाज ऐकला होता मी. ते जिथं श्वास घ्यायचे तिथं माझं बोट उचललं जायचं. लोक म्हणायचे, डोळे मिटले तर राजमहंमदच वाजवतोय.

हे मी त्या बंगल्यात वाजवून दाखवलं. मग श्रीयश म्हणाला, "वडिलांबद्दल सांगा ना काहीतरी. मनातलं."

आणि मी सांगितलं. तू ऐकलंसच. अब्बांना धाप लागायला लागली, मग एक दिवस त्यांनी माझं बोट धरून ट्रम्पेटच्या बटणावर ठेवलं आणि म्हणाले, पोरी, माझा दम आता तू घे. सांगताना माझा आवाज दाटला, योग्य ठिकाणी. ऋचानं ओढणीनं डोळे पुसले. पुसताना मला थोपटलं. मी तिचा हात झटकायला हवा होता. मी तो धरून ठेवला.

झुबेर, असं काही झालं नव्हतं. अब्बांनी माझं बोट कुठल्याही बटणावर ठेवलं नाही. त्यांना त्या मशीनच्या जवळ मी कधी येऊ दिलं नाही.

हे लिहिलं आणि उठून पाणी प्याले. दोन लाख लोकांनी तो व्हिडिओ पाहिलाय म्हणे. खाली लोक आपापल्या वडिलांच्या आठवणी लिहितात. कुणी लिहिलंय, असा बाप सगळ्यांना मिळो. मला स्वतःची शिसारी येते. पण खरं सांगते, दोन लाख लोकांनी गहिवरावं त्याचं मला फारसं काही वाटलं नव्हतं. आठवडाभर तर मी शेजारच्या अनितालाही कौतुकानं दाखवला. तू गहिवरलास तेव्हा मात्र हे पत्र लिहायला बसले.

आता सत्याऐंशी साल. तुला जे माहीत आहे ते असं. बाजीरावभाऊंनी मुंबईच्या कुठल्या स्टुडिओतून ते मशीन वळकटीत गुंडाळून आणलं, ट्रम्पेटचं बटण असलेलं मशीन आल्यावर ट्रम्पेटवाला म्हातारा त्यांना जड झाला, आणि एके दिवशी ते आपल्या घरी येऊन अब्बांना म्हणाले, "आबा, आता थोडे दिवस इश्रांती घ्या. मशीनवर काम भागतंय." तू कोपऱ्यात बसून बुटाला पॉलिश करत होतास. तू तसाच एका पायात बूट घालून त्यांच्या मागं गेलास आणि रेल्वे इन्स्टिट्यूटच्या आवारात, सगळ्या पार्टीसमोर, त्यांच्या थोबाडीत मारलीस. त्यांचा चष्मा उडून सायकलखाली गेला. मग तू मला म्हणालास, "या माणसाच्या स्टेजवर उभी राहिलीस तर मी तुझा भाऊ नाही." मी उभी राहिले. तू गेलास.

तुला वाटलं, बाजीरावनं आपल्या बापाला यंत्रासाठी हाकललं आणि बहिणीनं त्याचीच बाजू घेतली. एवढं वाटूनही तू फक्त अबोला धरलास, हे तुझं मोठेपण.

अब्बांना मी हाकललं.

बाजीरावभाऊंच्या मनात ते कधी नव्हतं. मशीन त्यांनी फ्लूट आणि बाससाठी आणलं होतं. ट्रम्पेटचं बटण ते मला दाबू द्यायचे नाहीत. "आपल्याकडं जिता ट्रम्पेट हाय, त्ये कशाला?" असं म्हणायचे.

त्या जानेवारीत तळेगावला एका कारखान्याचा वार्षिक समारंभ होता, भर दुपारी, मांडवात. अब्बांचे पुढचे दोन दात तेव्हा हलत होते. हिरड्या सुजलेल्या, पू यायचा. तुला सांगत नव्हते, मला कळायचं, कारण त्यांची उशी मी धूत होते. ट्रम्पेटवाल्याचे पुढचे दात गेले की वाजवणं गेलं, म्हणून लवंगेचं तेल लावून, तंबाखूची चिमूट दाबून वाजवायचे. तुला आठवतं ना, वाजवता वाजवता वाद्यात थुंकी साठते आणि मधेच ती खाली सोडावी लागते. सगळे त्याला पाणी म्हणतात. मला ती लहानपणापासून किळसवाणी वाटायची. स्टेजवर माझ्या चपलेशेजारी ते थारोळं साठायचं, त्याला तंबाखूचा वास यायचा, आणि मी पदर सावरल्यासारखं करून पाय मागं घ्यायची.

त्या दिवशी सारिका गात होती. आपल्या पार्टीची गाणारी, तुला आठवत असेल, पुण्याहून यायची. पिवळी नवी साडी नेसलेली. अब्बांनी वाद्य तिरकं करून झटकलं आणि थुंकी तिच्या निऱ्यांवर गेली. नुसती थुंकी नव्हती, त्यात रक्त होतं आणि पिवळट काहीतरी. सारिका गाता गाता किंचाळली. पहिल्या रांगेतल्या साहेबांच्या बायकांनी नाकाला रुमाल लावले. कुणीतरी हसलं. अब्बा खाली वाकले आणि स्वतःच्या रुमालानं तिच्या निऱ्या पुसायला लागले, "माफ करा बाई, माफ करा," म्हणत. ती मागं सरकत होती आणि ते गुडघ्यावर पुढं सरकत होते.

मी काय केलं असेल? मी मशीनच्या मागं वाकून खुंटा फिरवत बसले. सूर लागलेला होता. मी तो उतरवला आणि पुन्हा चढवला, म्हणजे मान वर करायला नको.

कार्यक्रम संपल्यावर मांडवामागं मी बाजीरावभाऊंना गाठलं. म्हणाले, "यापुढं अब्बांना आणू नका. ट्रम्पेट मी वाजवते, मशीनवर."

ते म्हणाले, "अगं, दात दुखत्यात म्हाताऱ्याचं. दोन म्हैनं थांबू, औषिद करू. बाप हाय तुझा."

मी म्हणाले, "ते येणार असतील तर मी येणार नाही."

"का पण?"

"मला किळस येते."

माझ्याशिवाय मशीन वाजवणारं कुणी नव्हतं. पंधरा दिवसांवर रेल्वे इन्स्टिट्यूटचा कार्यक्रम होता. भाऊंनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. इन्स्टिट्यूटच्या दिवशी सकाळी ते आपल्या घरी आले, आणि पुढचं तू पाहिलंस. तू त्यांना मारलंस तेव्हा चष्मा उचलताना त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी वायर जोडत होते.

तू इतकी वर्षं त्या मशीनला शिव्या घातल्यास. मशीनचा दोष नाही रे. बटण दाबल्याशिवाय ते वाजत नव्हतं.

आज एवढंच लिहवतं. पत्र उद्या टाकणार होते, पण आधी आंबीला जाऊन यावं असं मनात आलंय. बाजीरावभाऊ तिथं आहेत, लेकीकडं.

*

गुरुवार, १२ डिसेंबर

काल जाऊन आले. तळेगावपर्यंत लोकल, पुढं सहा सीटर. आंबीच्या रस्त्याला आता कारखान्यांचे ट्रक, आणि हवेत रबर जळल्यासारखा वास. भाऊ अंगणात खाटेवर उन्हाला बसले होते. खुबा मोडलाय, ऐकू कमी येतं, पण ओळख पटली. त्यांची लेक शालन चहा ठेवायला आत गेली आणि मी एका दमात विचारलं, "भाऊ, तुम्ही झुबेरला तेव्हाच खरं का सांगितलं नाही?"

"काय सांगायचं? तुझ्या भनीनं बापाला काडला, आसं त्या पोराला सांगू व्हय? येक थप्पड खाल्ली, मिटलं."

"मिटलं नाही भाऊ. तो घर सोडून गेला. अजून बोलत नव्हता."

ते म्हणाले, "मला वाटलं, तू सांगशील."

शालननं चहा आणला, बशीत ओतून त्यांच्या ओठाला लावला. हनुवटीवर ओघळ आला तो तिनं पदरानं पुसला, बोलता बोलता, बघितल्या न बघितल्यासारखा. मी ते बघत होते.

मग भाऊच म्हणाले, "थपडंचं काय न्हाई गं. राजमहंमदला समदं ठावं हुतं, त्ये मला लय लागलं. मांडवामागं तू माझ्याशी बोललीस तवा त्यो तितंच हुता, कनातीच्या पल्याड. नळावर ट्रम्पेटचं तोंड धूत हुता. तुझी पाठ हुती, मला दिसत हुता. त्यानं मला हातानं खुणवलं. गप ऱ्हा, म्हणला. पोरगी म्हणती तसं कर, म्हणला. म्हणून मी मान हलवली."

एवढं बोलून त्यांना खोकला आला. त्यांना वाटलं, त्यांनी मला काहीतरी नवीन सांगितलं. म्हणून माझा हात धरून म्हणाले, "तुला ठावं नव्हतं, पोरी. मनाला लावून घिऊ नको."

झुबेर, खूण मला माहीत नव्हती. अल्लाशपथ, ती माहीत नव्हती. अब्बांनीच बाजीरावांना गप्प केलं आणि बाजीरावांनी ते आजवर पाळलं, हे मला काल कळलं.

पण नळ मला माहीत होता.

अब्बा कनातीमागं ट्रम्पेट धूत आहेत हे ठाऊक होतं मला. पाण्याचा आवाज येत होता. "ते येणार असतील तर मी येणार नाही," असं मी म्हणाले आणि पाण्याचा आवाज बंद झाला. भाऊंनी विचारलं, "का पण?" मी ऐकलं की नळ बंद झालाय. म्हणजे आता पलीकडं सगळं ऐकू जाणार. आणि तेव्हा मी तो शब्द म्हणाले. भाऊंना ऐकू जाईल त्यापेक्षा जरा मोठ्यानं म्हणाले.

हे मी मोईनलाही सांगितलं नव्हतं. काल आंबीच्या अंगणातही सांगितलं नाही. भाऊ हात कुरवाळत होते आणि मी कुरवाळू दिला.

त्यानंतर महिनाभरानं एका सकाळी अब्बा चहा गाळत होते. माझ्याकडं पाठ होती. म्हणाले, "दुसऱ्या वळीत तू दम लय लवकर घेतीस. गाणारीचा दम बघ, मग बोट उचल." म्हणजे ते कार्यक्रमाला येत होते. हॉलच्या बाहेर उभं राहून ऐकत होते. मी "बरं" म्हणाले. पुढच्या कार्यक्रमाला तसं वाजवलं, आणि लोकांनी टाळ्या दिल्या. त्या एका वाक्यावर मी बंगल्यातलं सगळं खोटं रचलं, बोट धरणं, दम देणं, सगळं. त्यांनी मला एक चूक दाखवली होती, एवढंच. पुढं त्यांचे दात पडले. लग्नाच्या बँडमध्ये ते झांजा वाजवायला लागले, वरातीत सगळ्यात मागं. एकदा बाजारपेठेत तो बँड समोरून आला आणि मी भाजीवाल्याच्या आडोशाला गेले. तेव्हाही.

ऋचाला परवा फोन केला. म्हटलं, व्हिडिओ काढून टाक, मी खोटं बोलले. तिला सगळं सांगितलं, नळ सोडून. मला वाटलं, पोरगी हादरली. मग हळूच म्हणाली, "कौसरजी, हे कॅमेऱ्यासमोर सांगाल का? खूप पॉवरफुल होईल." मी फोन ठेवला. व्हिडिओ तिनं काल काढलाय, पण तो आता कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे, तुझ्याही असेल. तो पुसून टाक. सुमय्याला तिचा आजा असा होता असं सांगू नकोस. तिचा आजा त्याहून मोठा होता. लेकीच्या तोंडून ऐकलेला शब्द त्यानं मरेपर्यंत पोटात ठेवला आणि भावाबहिणीत वैर नको म्हणून दुसऱ्याला गप्प राहायला लावलं. वैर व्हायचं ते झालंच, पण त्याच्या हाती तेवढाच इलाज होता.

निघताना भाऊ म्हणाले, "झुबेरला कळवू नको. त्याच्या पोरीचं लगीन हाय. पोरगं खूश हाय तर ऱ्हाऊंदे." मी "बरं" म्हणाले. त्यांना दिलेला शब्दही मी मोडतेय. गप्प राहायला सांगणारा आता एकच माणूस उरलाय, आणि त्याच्या आड मी पुरेशी लपले.

तर आता तुझं बोलावणं. ते मी आलंच नाही असं समजते. तू ज्या बहिणीला बोलावलंस ती व्हिडिओतली होती. हे सगळं वाचून पुन्हा बोलावलंस तर येईन, मागच्या रांगेत बसेन. नाही बोलावलंस तर मी खोपोलीत कुणाला विचारणार नाही की निकाह कसा झाला. मशीन मात्र आणणार नाही. सुमय्याच्या लग्नात मी ट्रम्पेटचं बटण दाबणार नाही, आणि फ्लूटचंही नाही.

एक काम मात्र कर, माझ्यासाठी म्हणून नको. निकाहाच्या आधी आंबीला जाऊन ये. शाळेच्या मागं, निळ्या दाराचं घर, शालन म्हणून विचार. त्यांच्या उजव्या बाजूला बस, डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही. माफीबिफी मागत बसू नकोस, ते रागावतील. नुसता जाऊन बस आणि चहा घे.

तुझ्या बायकोला माझा सलाम सांग. सुमय्याला दुआ. तिचं सगळं चांगलं होवो, हे तरी माझ्या तोंडून खरं निघतंय.

"आपा" म्हणून खाली सही करायचा हात होईना. अब्बांचं नाव लावायचीही लाज वाटते, पण दुसऱ्या कुणाची मी मुलगी नाही.

कौसर राजमहंमद तांबोळी